तिसऱ्या स्तरात निरंक

सोमवारी सकाळी माझे पती गेले. गॅसवर चहा होता. मी चहा गाळून आणला तेव्हा ते खुर्चीत होते आणि हातात पेन्सिल होती. पंधराव्या दिवशी मी कार्यालयात रुजू झाले.

त्याच दिवशी साहेबांनी मला आत बोलावले. आमचे साहेब म्हणजे तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी. माझ्यापेक्षा वयाने लहान आणि स्वभावाने हळवे. मी त्यांच्या हाताखालची विस्तार अधिकारी. त्यांनी पाण्याचा ग्लास स्वतः माझ्यापुढे सरकवला, थोडा वेळ टेबलाच्या काचेकडे बघितले आणि एक जाड फाइल ग्लासाशेजारी ठेवली.

"मॅडम, मन गुंतवा," ते म्हणाले. "वरून नवीन योजना आलीय. सगळ्या तालुक्यात राबवायची आहे. तुम्हीच प्रमुख."

सांत्वनाला माणसे नारळ आणतात, केळी आणतात. साहेबांनी त्रिस्तरीय विद्यार्थी साहाय्य आणले.

योजना चांगली होती. हे आधीच सांगते, कारण पुढे जे घडले त्यावरून कोणाला तसे वाटणार नाही. पहिल्या स्तरात सगळी मुले, आणि त्यांना वर्गात नीट शिकवणे. दुसऱ्या स्तरात जी जरा मागे पडलीत ती, पाच-सहा जणांचा गट करून थोडा जादा वेळ. तिसऱ्या स्तरात ज्याचे अगदीच अडले आहे असे एक मूल आणि त्याच्याजवळ एक मोठे माणूस, रोज अर्धा तास. एवढेच. कोणत्याही घरातल्या कोणत्याही आजीला हे कळले असते. माझे काम ते पत्रात लिहून शाळांना कळवण्याचे होते, आणि तिथेच सगळे बिघडले.

माझे पती एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरले नाही म्हणून ते माझी परिपत्रके तपासत. मी नोकरीत राहून जी भाषा शिकले होते ती त्यांना सोसत नसे. "अगं, या वाक्यात कर्ता पनवेलला चढलाय आणि क्रियापद उरणला उतरतंय," ते म्हणत. "मधल्या स्टॉपपर्यंत माणसं झोपली." मग ते वाक्य तोडून त्याची चार वाक्ये करत. तालुक्यात माझी पत्रे सोपी म्हणून ओळखली जात आणि मीही ते कौतुक खाली मान घालून स्वीकारत असे.

या वेळी पत्र मी एकटीने लिहिले. चार पाने झाली. पहिलेच वाक्य 'उपरोक्त विषयान्वये संदर्भीय पत्राच्या अनुषंगाने आपणास कळविण्यात येते की' असे निघाले आणि नऊ ओळींनी थांबले. ते मी दोनदा वाचले. मला त्यात काही वावगे दिसले नाही.

पत्र केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. त्या ग्रुपवर आधीचा मोठा संदेश माझ्या घरच्या बातमीचा होता आणि पंधरा दिवस सगळे त्यालाच उत्तरे देत होते. त्यामुळे माझ्या परिपत्रकाखाली पहिल्या तासात सहा जणांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिले. सातव्याने हात जोडून 'ईश्वर शक्ती देवो' असे लिहिले. पुढच्या महिन्यात काय झाले ते पाहता तो सातवा माणूस दूरदृष्टीचा होता.

महिन्याने माहिती आली. आमच्या खात्यात एक शब्द आहे, निरंक. वरून विचारले, 'आपल्या शाळेत मोडक्या बाकांची संख्या?' खालून उत्तर, 'निरंक.' म्हणजे काही नाही, शून्य, आणि कृपया पुढे विचारू नये. हा शब्द लिहिला की प्रश्न मिटतो. बाक मोडका राहतो, पण प्रश्न मिटतो. तक्त्यात तीन रकाने होते. पहिल्या स्तरात सगळ्या शाळांनी पटावरची सगळी मुले लिहिली. दुसऱ्या स्तरात निरंक. तिसऱ्या स्तरात निरंक. एका शाळेने मात्र सगळीच्या सगळी मुले तिसऱ्या स्तरात घातली होती. मी फोन केला तेव्हा तिथले गुरुजी म्हणाले, "त्यांना काहीतरी साहित्य मिळणार असेल ना मॅडम? मग आमचीच मुलं मागे का ठेवायची?"

ती एक शाळा सोडून उरलेला तक्ता बघून साहेब खूश झाले. "म्हणजे तालुक्यात अडलेलं मूलच नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून आवाज उतरवून म्हणाले, "तुम्ही बऱ्या आहात ना?"

"हो," मी म्हटले. तोही निरंकच होता.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून खाडीकाठच्या शाळेत गेले. चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक. मुख्याध्यापकांना सगळे गुरुजीच म्हणत. त्यांच्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. फाटकाशेजारच्या भिंतीवर पिवळ्या ऑइलपेंटने हातभर अक्षरांत लिहिले होते: 'आमच्या शाळेतील सर्व मुले वाचतात.' खाली पुस्तक धरलेल्या मुलीचे चित्र होते. रंगाऱ्याने पुस्तक उलटे काढले होते, पण इतक्या सुबकपणे की कोणी काही म्हटले नसावे.

मी म्हटले, चौथीतले कोणीही एक जण वाचू दे. गुरुजींनी लगेच एका मुलीला उठवले. तिच्या वेण्यांना लाल रिबिनी होत्या. आई पनवेलच्या बाजारात मासळी विकते, वडील नाहीत, असे त्यांनी मला कानात सांगितले. मुलगी पुस्तक उघडून धडधडा वाचू लागली. स्वल्पविरामाला थांबत होती, प्रश्नचिन्हाला आवाज वर नेत होती. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते.

मी मुद्रितशोधकाची बायको. वाचणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता पानाकडे बघायची सवय मला लागली होती. तिच्या पुस्तकातल्या त्या पानाचा खालचा अर्धा भाग फाटून गेला होता. ती तिथपर्यंत आली आणि न थांबता फाटलेला भागही वाचून गेली.

वर्गात बाकीच्यांना लिहायला सांगून मी तिला आणि गुरुजींना कार्यालयाच्या खोलीत नेले. दुसरे काही वाचायला जवळ नव्हते. पिशवीत माझे परिपत्रक होते तेच तिच्या हातात दिले. तिने ते पुढून बघितले, मागून बघितले.

"हा आमच्या बुकात नाय," ती म्हणाली.

"नसू दे. वाच की."

तिने जरा विचार केला. "मॅडम, तुमी वाचा एकदा. मंग मी वाचते."

तिने हे इतक्या सरळपणे सांगितले की मी वाचले. नऊ ओळींचे ते पहिले वाक्य मी मोठ्याने वाचले. शेवटी मला धाप लागली. मग तिने कागद डोळ्यांसमोर धरला आणि 'उपरोक्त विषयान्वये'पासून सगळे वाक्य परत म्हटले. एक शब्द चुकली नाही. जिथे मी श्वास घेतला होता तिथेच तिने घेतला.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, खरं सांगू? मला हे चार वाचनांत जमलं नाही. दुसऱ्या ओळीपर्यंत गेलो की पहिली निसटते."

"मग माहिती कशी भरलीत?"

"खाली तक्ता होता ना. तक्ता दिसला की निरंक."

मी तो कागद परत घेऊन बघितला. नवऱ्याच्या जाण्याने मला काय काय झाले हे लोक मला आडून आडून विचारत होते. ते सगळे त्या नऊ ओळींत स्पष्ट लिहिलेले होते आणि मी ते तालुकाभर पाठवले होते.

मुलीला बाहेर खेळायला सोडले. गुरुजींना म्हटले, हिचे नाव तिसऱ्या स्तरात लिहा. ते खिडकीतून फाटकाकडे बघत राहिले.

"हिचं नाव लिहिलं तर बाहेरची भिंत खोटी ठरते."

"भिंत आत्ताही खोटीच आहे, गुरुजी."

"हो, पण आत्ता ती कागदावर नाही." मग हळू आवाजात म्हणाले, "आणि मॅडम, तिची आई तिला चौथीनंतर शाळेतून काढणार आहे. करंजाला मावशी आहे, तिथं बंदरावर मासळी निवडायला पाठवायचं चाललंय. कोणी विचारलं तर सांगते, वाचता येत नाही तर पाचवीत करायचं काय. आता मीच लिहून दिलं की हिला वाचता येत नाही, तर तिच्या हातात दाखलाच मिळाला ना?"

म्हणजे नाव लिहिले नाही तर तिला कोणी शिकवणार नाही, आणि लिहिले तर आई तिला नेणार. मी म्हटले, आईचे मी बघते, तुम्ही भिंतीचे बघा.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी पत्र नव्याने लिहिले. क्रियापद कुठे उतरतेय ते प्रत्येक वाक्यात स्वतःशी विचारले. पाच वाक्ये झाली. 'ज्या मुलाला वाचता येत नाही त्याचे नाव लिहा. त्याला रोज अर्धा तास कोण शिकवणार तेही लिहा. नाव लिहिल्याबद्दल कोणावरही कारवाई होणार नाही.' आणि आणखी दोन.

साहेबांना चार वाक्ये आवडली. कारवाईच्या वाक्याशी ते थांबले.

"मॅडम, कारवाई होणार नाही असं लिहून देता येत नाही."

"तुम्ही कारवाई करणार आहात का?"

"छे. पण करणार नाही असं लिहिता येत नाही. तशी पद्धतच नाही."

अर्धा तास आम्ही त्या एका वाक्यावर बसलो. शेवटी साहेबांनी स्वतः तोडगा काढला: 'कारवाईबाबत या पत्रात काहीही म्हटलेले नाही.' मला ते हास्यास्पद वाटले. पण तालुक्यातल्या प्रत्येक शिक्षकाला त्याचा अर्थ बरोब्बर कळला. उभ्या जन्मात आमच्याकडून त्यांना असे आश्वासक पत्र आले नव्हते. आठवड्यात नावे येऊ लागली. एका बाईंनी तर नावापुढे 'मला वाटलंच होतं कधीतरी विचारतील' असा शेरा लिहिला होता. खाडीकाठच्या शाळेतून एकच नाव आले. 'रोज कोण शिकवणार' या रकान्यात गुरुजींनी 'मी' असे लिहिले होते.

मग मी मासळीबाजारात गेले. श्रावणापासून मी तिकडे फिरकले नव्हते. एकटीसाठी मासळी आणायची कशी असते ते मला माहीत नव्हते. मुलीची आई ओट्यावर बोंबील आणि मांदेली घेऊन बसली होती. मी शाळेविषयी बोलायला तोंड उघडले.

"घ्या पयले, मंग बोला."

"मला मासे नकोत. तुमच्या मुलीविषयी बोलायचंय."

"मंग गिऱ्हाइकाच्या वाटेत कशाला उभ्या? इकडं या, माज्या बाजूला बसा."

बसले. साडीची काळजी सोडून दिली. तिने विचारले, "किती मान्सं घरात?"

"एकटीच."

तिने वर बघितले. "कवाधरनं?"

"श्रावणापासून."

मी न मागितलेले दोन बोंबील तिने पिशवीत घातले आणि वर दोन जास्तीचे टाकले. "एकटीनं पन जेवायचं आसतं," ती म्हणाली. "आता बोला."

मी सांगितले की गुरुजी मुलीला रोज शिकवणार आहेत, तिला करंजाला पाठवू नका, एक वर्ष द्या.

"होलीपरत."

"अहो, मी एकच वर्ष मागितलं. त्यातलंही तुम्ही कापताय."

"भाव तुमी लावला, मी नाय." तिने मांदेलीवर पाणी शिंपडले. "करंजाला माजी भैन एकटी हाय. हातानं चपल पोरगी तिला लागते. हिला वाचता येत नाय तं शालेत बसून काय कराची?"

"तिला आलं तर?"

"आला तं बगू. निकालापरत थांबते. पन मना वाचून दावाचा. बुकातला नको. बुक ती झोपंत पन म्हनते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आई हाय मी. तुमाला कवा कलला?"

"मागच्या आठवड्यात."

शेजारच्या ओट्यावरच्या बाईने तोंडाला पदर लावला. मी बोंबील घेऊन घरी आले. तळले. चारांतले दोन खाल्ले.

गुरुजींनी कामाला सुरुवात केली. आधी भिंतीवर 'सर्व' या शब्दावर पोषण आहाराचा तक्ता टांगला. सोमवारी काय, मंगळवारी काय, असे लिहिलेला. मुले तो रोज वाचू लागली, आणि भिंतीवरच्या चित्रातली मुलगी एकदाची वाचनाच्या जवळपास आली. मग परिपाठाआधी अर्धा तास ते या मुलीला घेऊन बसू लागले. पहिल्या महिन्यात त्यांनी पहिलीचे पुस्तक काढले. ते तिने तीन दिवसांत पाठ केले. त्यांनी दुसरीचे काढले, तेही पाठ. गुरुजींचा मला फोन आला. "मॅडम, मी शिकवतोय आणि ती पाठ करतेय. माझ्या हयातीत मला असा विद्यार्थी मिळाला नाही आणि मिळाला तो असा."

आम्ही ठरवले की तिला एक गोष्ट दोनदा दाखवायचीच नाही. गुरुजी रोज नवा कागद आणू लागले. किराणा बांधून आलेले वर्तमानपत्राचे तुकडे, औषधाच्या गोळ्यांबरोबर येणारी घडी, एसटीचे वेळापत्रक. त्या कागदांपुढे तिची चलाखी चालेना. पहिल्यांदा ती रडली. मग चिडली. मग एक दिवस तिने साबणाच्या वेष्टनावरचा 'वापर' हा शब्द कोणी न सांगता वाचला आणि दिवसभर शाळेत दिसेल त्या वस्तूकडे बोट दाखवून 'वापर' म्हणत फिरली. जोडाक्षर आले की मात्र ती थांबे. गुरुजी म्हणत, पुढे जा. ती डबक्यावरून उडी मारावी तशी पुढे जाई.

मी दर शनिवारी जात असे. योजनेच्या प्रमुखाने महिन्यातून एकदा जायचे असते. साहेबांनी विचारले नाही. मी मन गुंतवते आहे असे त्यांना वाटत असावे, आणि ते खरेही होते.

निकालाच्या आदल्या आठवड्यात आई शाळेत आली. बाजारातून थेट आली होती. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने एक लग्नपत्रिका काढली. करंजाच्या नात्यातले लग्न होते. ही निवड किती हुशारीची आहे ते माझ्या लगेच लक्षात आले. लग्न कोणाचे, कधी, कुठे, हे तिला तोंडी कळलेले होते. स्वतः न वाचता तिला मुलीची परीक्षा घेता येणार होती.

मुलगी पत्रिका घेऊन उभी राहिली. गुरुजी खुर्चीच्या कडेवर बसले होते. लग्नपत्रिका आमच्या परिपत्रकांची थोरली बहीणच. तिच्यातले क्रियापदही शेवटपर्यंत येत नाही. 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' यातल्या 'विनंती'वर ती स्वच्छ पोचली, आधीचे दोन शब्द तिने उडी मारून ओलांडले. 'श्रीकृपेकरून'शी ती अडली. गुरुजींचे ओठ हलू लागले.

"गुरुजी, तुमी तोंड मिटा," आई म्हणाली.

गुरुजींनी तोंड मिटले. मुलगी पुढे गेली. मुलाचे नाव आले, अर्धे. मुलीचे नाव आले, पूर्ण. "र-वि-वा-री," ती म्हणाली. आईने मान हलवली. "दु-पा-री." मान हलली. "करंजा," हे मात्र एका दमात. मला वाटले, संपले. मुलगी अजून पत्रिकेकडेच बघत होती. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काहीतरी होते.

"ह-ळ-द," ती म्हणाली. "शनिवारी. सा... सात वाज-ता. वरा... घरी."

आईची मान हलली नाही. "पुन्ना वाच."

तिने पुन्हा वाचले.

"मना लग्नाचाच सांगला," आई म्हणाली. "हलदीचा कोन काय नाय बोलला."

आमच्या भागात हळद म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगावे लागते. लग्नाला सगळा गाव येतो. हळदीला आपली माणसे येतात, रात्रभर नाच, जेवणावळ, आणि कोणाला बोलावले नाही ते पुढची वीस वर्षे निघत राहते. तिला लग्नाला तोंडी बोलावले होते आणि हळदीचे कोणी काढलेच नव्हते. विसरून किंवा मुद्दाम. पण पत्रिकेवर छापलेले होते आणि पत्रिका तिच्या हातात होती.

"आनखी एकदा," ती मुलीला म्हणाली. खोलीत एक मुख्याध्यापक होते आणि एक विस्तार अधिकारी होती. दोघांपैकी कोणालाही तिने विचारले नाही. मुलीने तिसऱ्यांदा वाचले. या वेळी 'शनिवारी' न तोडता म्हटले.

आईने पत्रिका परत पिशवीत घातली. "आता शनवारी सात वाजता मी दारात उबी," ती म्हणाली. "बगू कोन काय बोलतो." ती दारापर्यंत गेली आणि तिथून वळून म्हणाली, "गुरुजी, पाचवीचा कागद करा. पन सगले दिस नाय जमाचे. दोन दिस ती माज्यासंगं."

"एक," मी म्हटले.

"दोन. मॅडम, तुमाला भाव करता नाय येत."

दोनच ठरले.

ती आता पाचवीत आहे. शाळा घरापासून लांब आहे. आठवड्यातले चार दिवस ती जाते आणि दोन दिवस आईबरोबर करंजाला मासळीच्या लिलावाला जाते. जोडाक्षरे अजून राहिली आहेत. रविवारी सकाळी ती माझ्या घरी येते आणि अर्धा तास वाचते.